आवाज कुठे उभा आहे? घरच्या मिक्समध्ये रिव्हर्ब लावताना

घरीच ध्वनिमुद्रित केलेल्या एका संथ गीताचे मिक्सिंग मी नुकतेच हातावेगळे केले आणि त्या कामातला सर्वाधिक वेळ रिव्हर्बने, म्हणजे आवाजामागे उरणाऱ्या घुमाऱ्याच्या परिणामाने, घेतला. गीताची लय मिनिटाला ८० ठोके होती. एक गायिका, दोन अकूस्टिक गिटार, पियानो, बासरी, बेस गिटार आणि तालासाठी काहोन (पेटीसारखे तालवाद्य) एवढाच ऐवज होता. इतक्या मोकळ्या रचनेत लपायला जागा नसते, त्यामुळे रिव्हर्बची प्रत्येक चूक आणि प्रत्येक योग्य निर्णय लगेच कानावर येतो. रिव्हर्बमुळे आवाज गोड होतो हे खरे असले, तरी माझ्या मते त्याचे पहिले काम अंतर ठरवण्याचे आहे. कोण श्रोत्याच्या जवळ उभे आहे, कोण मागे आणि कोण पार दूर, हे मनाशी पक्के असेल तर बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळत जातात. म्हणून रिव्हर्बचे प्लगिन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे साधन) उघडण्याआधी मी एका कागदावर लिहून काढले: गायिका अगदी समोर, गिटार आणि काहोन तिच्या दोन्ही हातांना थोडे मागे, पियानो त्यांच्याही मागे, बासरी सर्वांत दूर. बेसला मी मुद्दाम कोणतेच अंतर दिले नाही.

घरच्या ध्वनिमुद्रणात एक रिव्हर्ब आधीच येऊन बसलेला असतो, तो म्हणजे खोलीचा. लहान खोलीत टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमध्ये एक बारीक फडफड ऐकू येते, आणि तीच आवाजाच्या ट्रॅकमध्ये उतरते. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो. गायकाकडून मायक्रोफोनपर्यंतचा थेट मार्ग आणि भिंतीवरून परावर्तित होऊन येणारा मार्ग यांत १ मीटरचा फरक असेल, तर परावर्तित ध्वनी सुमारे २.९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि सुमारे १७० हर्ट्झला, तसेच त्याच्या तिपटीला, पाचपटीला मूळ आवाज क्षीण करतो. डब्यातून आल्यासारखा जो आवाज घरच्या ध्वनिमुद्रणात नेहमी भेटतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. अशा आवाजावर मोठ्या हॉलचा रिव्हर्ब चढवला, तर गायिका हॉलमध्ये उभी असल्याचे वाटत नाही. हॉलमध्ये ठेवलेल्या एका छोट्या खोलीतून ती गात असल्याचे वाटते. रिव्हर्ब नंतर हवा तेवढा घालता येतो, पण ध्वनिमुद्रणात शिरलेली खोली समाधानकारक रीतीने बाहेर काढणे फार अवघड असते. म्हणून मायक्रोफोन गायिकेच्या तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवला आणि जाड रजया तिच्या पाठीमागे टांगल्या. रजया मायक्रोफोनच्या मागे लावण्याचा मोह होतो. परंतु कार्डिऑइड मायक्रोफोन मागचे फारसे ऐकतच नाही, त्याचे तोंड असते गायिकेकडे, आणि म्हणून तिच्या पाठीमागची भिंतच त्याला सर्वांत स्पष्ट ऐकू येते. इतक्या जवळून गायल्यावर खालचे स्वर थोडे फुगतात, पण ते ईक्यूने (ठरावीक पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) सहज आवरता येतात.

पुढची पायरी रिव्हर्बविना मिक्स बसवण्याची. सर्व ट्रॅक कोरडे ठेवून, मोनोमध्ये, फक्त फेडर (पातळी कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळा) आणि ईक्यू यांच्या आधारे शब्द स्पष्ट ऐकू येतील आणि कोणतेही वाद्य दुसऱ्याला झाकणार नाही अशी पातळी मी जुळवली. कोरड्या अवस्थेत जे एकमेकांवर चढते, ते रिव्हर्बमध्ये आणखी गुंतते, कारण गिटारच्या खालच्या पट्टीतला गाळ आता शेपटीसह, म्हणजे विरत जाणाऱ्या घुमाऱ्यासह, ऐकू येऊ लागतो. कोरडा मिक्स ऐकायला रूक्ष वाटतो आणि तो लवकर सजवावा अशी घाई मनात होते. मात्र तो रूक्ष असतानाच समतोल वाटू लागला, की पुढे रिव्हर्ब फार थोडा लागतो.

त्यानंतर तीन स्वतंत्र बस, म्हणजे अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र नेणारे मार्ग, तयार केल्या आणि प्रत्येकीवर एकेक रिव्हर्ब पूर्ण वेट करून (मूळ आवाज वगळून) ठेवला: एक लहान खोली, एक प्लेट आणि एक मोठा हॉल. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब बसवण्यापेक्षा सेंडने, म्हणजे ट्रॅकचा काही अंश बसकडे पाठवून, काम करणे मला दोन कारणांसाठी पटते. एक म्हणजे अनेक वाद्ये एकाच खोलीत पाठवली, की ती खरोखर एकत्र बसून वाजवत असल्यासारखी वाटतात. दुसरे म्हणजे रिव्हर्ब वेगळ्या फेडरवर आल्यामुळे त्याच्यावर ईक्यू, कॉम्प्रेसर (पातळीतले चढउतार दाबणारा), डी-एसर ('स'-'श'ची फसफस दाबणारा) असे संस्कार मूळ आवाजाला धक्का न लावता करता येतात. सेंड पोस्ट-फेडर (फेडरच्या नंतर घेतलेले) ठेवले, म्हणजे गिटार कमी केली की तिचा रिव्हर्बही त्याच प्रमाणात कमी होतो.

प्लगिनवर दिसणारा डिके टाइम म्हणजे नेमके काय, हे नीट समजून घेतल्यावर माझे काम फार सोपे झाले. या मापाचे मूळ वॉलेस क्लेमेंट सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाच्या कामात आहे. १८९५ पासून त्याने हार्वर्ड विद्यापीठातील एका अत्यंत घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास केला. ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, आणि शेजारच्या नाट्यगृहातून आणलेल्या आसनांच्या गाद्या कमी-जास्त करत तेच पुन्हा करायचे, अशी त्याची पद्धत होती. आज डिके टाइम म्हणजे ध्वनीची पातळी ६० डेसिबलने खाली यायला लागणारा काळ. हा आकडा गाण्याच्या लयीशी जोडला की बोलका होतो. ८० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ७५० मिलिसेकंदांचा असतो. २.४ सेकंदांचा हॉल सेकंदाला २५ डेसिबलने विरतो, म्हणजे एका ठोक्यात जेमतेम १९ डेसिबल. पुढचा शब्द सुरू होताना मागचा शब्द अजून चांगला ऐकू येत असतो. १.६ सेकंदांची प्लेट एका ठोक्यात २८ डेसिबल उतरते आणि पुढच्या शब्दाच्या बऱ्यापैकी खाली जाते. अर्ध्या सेकंदाची खोली तर पुढच्या ठोक्याआधीच पूर्ण विरलेली असते. शिवाय गाणे चालू असताना शेपटीचा शेवटचा भाग कोणालाच ऐकू येत नाही, इतर वाद्ये त्याला झाकून टाकतात. कानाला जो घुमारा जाणवतो तो मुख्यतः सुरुवातीच्या दहा-पंधरा डेसिबलांच्या उतारातून. त्यामुळे डिके ठरवताना मी गायिकेचा ट्रॅक एकटा कधीच ऐकला नाही. एकट्या आवाजावर भव्य वाटणारी शेपटी पूर्ण वाद्यमेळात एक तर हरवते, नाही तर चिखल करते.

सुरुवात लहान खोलीपासून केली. डिके अर्धा सेकंद, प्री-डिले (मूळ आवाज आणि रिव्हर्बची सुरुवात यांतला विलंब) शून्याच्या जवळ, आणि सुरुवातीची परावर्तने शेपटीपेक्षा ठळक. दोन्ही गिटार, काहोन आणि पियानो तिच्यात पाठवले, पियानो सर्वांत जास्त. ही पातळी अशी असावी, की बस चालू असताना 'येथे रिव्हर्ब आहे' असे कोणाला वाटू नये, आणि बंद केल्यावर मात्र वाद्ये एकमेकांपासून तुटून पडावीत. काहोनच्या कडेवर बोटांनी दिलेल्या थापेवर हे फार स्पष्ट ऐकू येत होते. बस बंद असताना ती थाप स्पीकरच्या जाळीवर टिचकी मारावी तशी सपाट वाटे. बस चालू करताच थापेच्या मागे हातभर जागा तयार होई आणि काहोनला आकारमान येई. काहोनच्या मधोमध पडणारा खर्जाचा ठोका मात्र त्या खोलीत जाऊ दिला नाही. सेंडच्या वाटेवरच हाय-पास लावून २५० हर्ट्झखालचे सर्व अडवले. तालवाद्यासाठी डिफ्यूजन, म्हणजे परावर्तनांची दाटी, भरपूर ठेवावे लागते, नाही तर प्रत्येक थापेनंतर परावर्तने सुटी सुटी, खडखडल्यासारखी ऐकू येतात.

गायिकेसाठी प्लेट निवडली. मूळ प्लेट रिव्हर्ब हे एक यंत्र होते: ताणून टांगलेला पोलादाचा मोठा पातळ पत्रा, त्याला कंपित करणारा एक ट्रान्सड्यूसर आणि ती कंपने टिपणारे पिकअप. जर्मनीच्या ईएमटी कंपनीचे १४० हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध यंत्र १९५७ मध्ये आले आणि त्याचे वजन पाव टनाहून अधिक होते. पत्र्यात भिंती, छत असे काही नसल्यामुळे वेगळी ओळखू येणारी सुरुवातीची परावर्तने फारशी निघत नाहीत; घनदाट शेपटी जवळजवळ लगेच सुरू होते. याचा अर्थ असा, की प्लेट आवाजाला कोणत्याही विशिष्ट खोलीत नेऊन ठेवत नाही. गायिकेला समोरून न हलवता तिच्याभोवती चमक आणि लांबी द्यायची असेल, तर मला यापेक्षा योग्य पर्याय दिसत नाही.

येथे सर्वांत महत्त्वाचा ठरला तो प्री-डिले. गायक जवळ असेल तेव्हा त्याचा थेट आवाज आधी पोहोचतो आणि भिंतींवरून येणारा आवाज बराच लांबचा प्रवास करून मागाहून येतो. तोच गायक दूर, मागच्या भिंतीपाशी उभा असेल तर दोन्ही आवाज जवळजवळ बरोबरच येतात. या फरकावरून अंतर ओळखण्याची कानाला सवय असते. म्हणून जवळच्या आवाजाला मोठा प्री-डिले आणि दूरच्याला छोटा, हे सूत्र मी धरले. लयीशी मेळ राखण्यासाठी ठोक्याचा सोळावा भाग, म्हणजे सुमारे ४७ मिलिसेकंद, घेतला. इतक्या वेळात ध्वनी सुमारे १६ मीटर अंतर कापतो. तालवाद्यावर एवढे अंतर ठेवले तर दुसरा ठोका वेगळा ऐकू येईल, पण संथ, लांबवलेल्या स्वरांवर ते वेगळे जाणवत नाही. परिणाम विलक्षण होता. प्लेटची पातळी न बदलता केवळ प्री-डिले शून्यावरून ४७ वर नेल्यावर शब्दांची सुरुवात मोकळी झाली, व्यंजने उघडी पडली आणि गायिका पाऊलभर पुढे आल्यासारखी वाटली.

त्यानंतर मी गायिकेचा कोरडा आवाज बंद केला आणि फक्त प्लेटचा परतणारा आवाज ऐकत बसले. रिव्हर्बवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे अवश्य करावे, कारण एरवी झाकलेल्या सर्व गोष्टी येथे उघड होतात. ओळीच्या शेवटी येणारा प्रत्येक 'स' आणि 'श' शब्द संपल्यावरही फसफसत राहत होता, आणि खाली, २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास, स्वरांचा एक धूसर थर साचलेला होता. प्लेटच्या आधी, सेंडच्या वाटेवर, डी-एसर बसवला आणि तो मूळ आवाजावर कधी लावला नसता इतका कडक ठेवला; तो फक्त रिव्हर्बलाच लागू असल्यामुळे मूळ उच्चारांना काही झाले नाही. त्याच जागी ६०० हर्ट्झखालचे आणि १० किलोहर्ट्झवरचे गाळून टाकले. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रिव्हर्बकडे जाणारा आवाज असा दोन्ही बाजूंनी कातरून पाठवण्याची जुनी पद्धत आहे. ६०० हर्ट्झ हा आकडा प्रथम वाचताना फार वाटतो, प्लेट एकटी ऐकली तर ती कृशही वाटते. परंतु पूर्ण मिक्समध्ये आवाजाचा भरीवपणा कोरड्या ट्रॅकमधून येतच असतो आणि रिव्हर्बने त्याची पुनरावृत्ती करण्याची गरज नसते. हे कातरणे रिव्हर्बच्या आधी करावे की नंतर, असा प्रश्न पडू शकतो. साध्या फिल्टरच्या बाबतीत फरक नगण्य आहे. डी-एसर मात्र आधीच हवा, कारण एकदा 'स' शेपटीत पसरला की त्याला नेमके पकडता येत नाही.

बासरीचे काम याच्या उलट होते. तिला दूर नेण्यासाठी केवळ हॉलचा सेंड वाढवून भागत नाही. जवळ राहून भोवती भरपूर घुमणारी बासरी आणि खरोखर दूर असलेली बासरी यांत फरक आहे. बंद सभागृहात वादक दूर जात असताना थेट आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने घटतो, पण घुमणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून बासरीचा सेंड प्री-फेडर (फेडरच्या आधी घेतलेला) केला आणि मूळ फेडर हळूहळू खाली आणला. एका ठरावीक ठिकाणी बासरी स्पीकरच्या पाठीमागे सरकली. प्री-डिले अगदी थोडा, ५ मिलिसेकंद ठेवला. कोरड्या आवाजाच्या वरच्या पट्ट्याही थोड्या उतरवल्या, कारण दुरून येणाऱ्या आवाजातली धार कमी झालेली असते. फुंकरीचा श्वास, जो जवळच्या ध्वनिमुद्रणात छान वाटतो, तो दूरच्या बासरीत विसंगत ठरतो. २.४ सेकंदांचा हॉल येथे चालला, कारण बासरी फक्त दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत वाजते. गायिकेचा अगदी थोडा अंशही त्याच हॉलमध्ये पाठवला, म्हणजे दोघी एकाच वास्तूत आहेत असे वाटावे.

बेसला रिव्हर्ब दिला नाही. खालच्या स्वरांची शेपटी लांब राहिली की पुढचा स्वर धूसर होतो आणि सर्व मिक्सचा पाया हलतो. शिवाय बाकी सगळे अंतरावर असताना एखादे वाद्य पूर्ण कोरडे असणे उपयोगाचे असते, कारण त्याच्याच तुलनेत कानाला इतरांची खोली कळते.

एवढे झाल्यावरही ध्रुवपदात, जिथे शब्द दाट आहेत, प्लेट थोडी अंगावर येत होती आणि कडव्यात मात्र तीच पातळी कमी वाटत होती. एकच स्थिर पातळी पूर्ण गीताला पुरेल अशी अपेक्षा धरणेच योग्य नाही. प्लेटच्या बसवर कॉम्प्रेसर लावून त्याचा साइडचेन (कॉम्प्रेसरने कधी दाबावे हे सांगणारा संकेत) गायिकेच्या कोरड्या ट्रॅकला जोडला. ती गात असताना प्लेट ३ ते ४ डेसिबल खाली दबते आणि ओळ संपताच सावकाश वर येते. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा काळ, सुमारे २०० मिलिसेकंद ठेवला. तो फार जलद केला तर दोन शब्दांमधल्या बारीक फटीतही रिव्हर्ब उसळतो. नंतर सेंडचे ऑटोमेशन (गाण्याच्या ओघात पातळी कशी बदलेल याची नोंद) हाताने लिहिले: कडव्यांत कमी, प्रत्येक अंतऱ्याच्या शेवटच्या अक्षरावर जास्त, आणि शेवटच्या ध्रुवपदाआधीच्या एका ओळीत जवळजवळ शून्य. ती ओळ एकाएकी कोरडी झाल्यावर तिच्यानंतरचे ध्रुवपद पातळी न वाढवताही मोठे वाटते. मला स्वतःला या मिक्समधली हीच जागा सर्वांत आवडते. पहिल्या कडव्यात एका ठिकाणी रिव्हर्ब काढून फक्त एक अस्पष्ट, एकदाच येणारा डिले (पडसाद) ठेवला. दोन स्वरांमधली जागा भरायची असेल आणि धूसरपणा नको असेल, तर डिले हा रिव्हर्बपेक्षा स्वच्छ मार्ग असतो.

प्लगिनच्या निवडीबद्दल बरेच बोलले जाते, म्हणून थोडक्यात. कन्व्होल्यूशन रिव्हर्ब प्रत्यक्ष वास्तूत टिपलेल्या प्रतिसादावर चालतो, त्यामुळे लहान खोली आणि पियानो यांसाठी मला तो विश्वसनीय वाटला. अल्गोरिदमवर चालणाऱ्या रिव्हर्बचा पाया मॅनफ्रेड श्रोडर यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६०च्या दशकाच्या आरंभी घातला; त्यात प्रत्येक गुणधर्म स्वतंत्रपणे बदलता येतो, म्हणून प्लेट आणि हॉल त्या प्रकारचे घेतले. त्यातले मॉड्युलेशन, म्हणजे शेपटीतले बारीक हेलकावे, पियानोवर जपून वापरावे, स्थिर स्वर किंचित डळमळीत वाटू लागतात. संगीताच्या सॉफ्टवेअरसोबत येणारे रिव्हर्ब या सर्व कामाला पुरेसे ठरले.

तपासणी मात्र अनेक ठिकाणी करावी लागली. हेडफोनवर रिव्हर्ब उघडा ऐकू येतो, तर स्पीकरवर ऐकणाऱ्या खोलीचा घुमारा त्यात मिसळतो आणि आपण घातलेला रिव्हर्ब कमी भासतो. त्यामुळे फक्त स्पीकरवर मिक्स केला तर तो हेडफोनवर हमखास जास्त होतो. मी पातळी हेडफोनवर ठरवली आणि अंतराचा भास स्पीकरवर पारखला. मोनोमध्ये ऐकल्यावर रुंद हॉल लक्षणीय क्षीण झाला, तेव्हा त्याची रुंदी थोडी कमी करून बासरी दोन्हीकडे टिकेल असे पाहिले. कानाला घुमाऱ्याची सवय फार लवकर होते आणि हात आपोआप सेंड वाढवू लागतो, म्हणून प्रत्येक महत्त्वाचा बदल विश्रांतीनंतर, समान पातळीवर आणलेल्या एका आवडत्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिला. शेवटी मास्टरवर लिमिटर लावून पुन्हा ऐकले. लिमिटर शिखरे दाबतो आणि एकूण पातळी वर उचलतो, त्यामुळे शेपट्याही वर येतात. मूळ मिक्समध्ये नेमकी वाटणारी प्लेट त्यानंतर जास्त वाटली आणि तिची बस दीड डेसिबलने उतरवावी लागली.

फाइल काढताना निवडलेला भाग शेवटच्या स्वरापाशी संपवला नाही. हॉलची शेपटी पूर्ण विरेपर्यंत सुमारे पाच सेकंद अधिक घेतले आणि २४ बिटची वेव्ह फाइल जपून ठेवली. १६ बिटच्या प्रतीसाठी डिदर (मुद्दाम मिसळलेला अतिक्षीण गोंगाट) लावला, कारण त्याविना विरत जाणाऱ्या शेपटीचा तळ खरखरीत होतो. कमी बिटरेटची एमपी३ प्रतही काढून ऐकली. अशा प्रतीत सर्वांत आधी बिघडतात त्या रिव्हर्बच्या शेपट्या, त्या पाण्यासारख्या सळसळू लागतात. बासरीच्या शेवटच्या स्वरावर ते ऐकू आले, तेव्हा हॉलच्या वरच्या पट्ट्या ७ किलोहर्ट्झपासून खाली उतरवल्या आणि सर्व प्रती नव्याने काढल्या.